गॅटविक, एक पेन्शन फंड आणि ताकाचं भांडं

मँचेस्टरचा_पाऊस (धागाकर्ता)

आधी माझे स्वतःचे हितसंबंध जाहीर करतो, नाहीतर विषय बघता कुणीतरी माझंच भांडं बाहेर काढेल. माझी बायको इथल्या एका शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. तिच्या पगारातून दर महिन्याला ग्रेटर मँचेस्टर पेन्शन फंडात पैसे जातात. फंडाची पत्रं न उघडता मायक्रोवेव्हच्या डोक्यावर ठेवायची, ही आमच्या घरची पद्धत. गेल्या रविवारी तो ढीग आवरताना एका पाकिटावर फंडाचं नाव वाचलं आणि एक जुनी केस आठवली. ती इथे लिहून ठेवतो.

ब्रिटनमध्ये बीएए नावाची कंपनी होती. मूळची सरकारी, १९८७ मध्ये खाजगी झाली, २००६ मध्ये स्पेनच्या फेरोव्हियालने विकत घेतली. हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, साउदॅम्प्टन, ग्लासगो, एडिंबरा आणि ॲबरडीन असे सात विमानतळ एकाच मालकाचे. देशातल्या एकूण विमानप्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक या सातातून जायचे. लंडनमध्ये एका विमानतळावर वैतागून दुसरीकडे गेलात तरी गल्ला त्याच मालकाचा. २००७ च्या मार्चमध्ये हे प्रकरण तिथल्या स्पर्धा आयोगाकडे चौकशीला गेलं.

अशी चौकशी आयोगाचा एक छोटा गट करायचा. या गटात लीड्स विद्यापीठातले हिशेबशास्त्राचे प्राध्यापक पीटर मॉइझर होते. तेच आमच्या ग्रेटर मँचेस्टर पेन्शन फंडाचे सल्लागारही होते. फंड इथल्या दहा नगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांचा, कारभार टेमसाइड पालिकेकडे. आणि याच दहा पालिका तेव्हा मँचेस्टर एअरपोर्ट ग्रुपच्या मालक! ५५ टक्के मँचेस्टर शहराचे, बाकी नऊ जणांचे पाच-पाच.

आता गंमत बघा. २००७ मध्ये यात कुणालाही खटकण्यासारखं फारसं नव्हतं. सल्लागार फंडाचे, विमानतळ पालिकांचा, चौकशी तिसऱ्याच कंपनीची. नातं लांबचं, म्हणजे आत्याच्या जावेच्या माहेरचं म्हणावं तसं. पण ऑगस्ट २००८ मध्ये आयोगाने कच्चे निष्कर्ष काढले, की एकाच मालकामुळे स्पर्धा मरतेय. सप्टेंबरमध्ये बीएएने स्वतःच गॅटविक विकायला काढलं. आणि बोली लावणाऱ्यांत मँचेस्टर ग्रुप!

म्हणजे 'बीएएने विमानतळ विकावेत का, किती आणि किती दिवसांत' हे ठरवणाऱ्या गटात असा माणूस, ज्याच्या सल्ल्याचं गिऱ्हाईक आणि विमानतळाचा संभाव्य गिऱ्हाईक एकाच घरातले. विकणाऱ्याच्या मागे तारखेचा बडगा असला की घेणाऱ्याला भाव करून घेता येतो, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री आकाशकंदील घेणाऱ्याला विचारा.

प्राध्यापक अखेर गटातून बाजूला झाले, पण अहवाल यायला जेमतेम काही दिवस उरले असताना. १९ मार्च २००९ ला अहवाल आला: गॅटविक विका, स्टॅनस्टेड विका, एडिंबरा किंवा ग्लासगो यांतलं एक विका. बीएए स्पर्धा अपील न्यायाधिकरणात गेली. प्राध्यापकांनी खरोखर पक्षपात केला असा आरोप कुणीच केला नव्हता. आक्षेप एवढाच, की बाहेरून बघणाऱ्याला तशी शंका येण्याजोगी परिस्थिती होती. डिसेंबर २००९ मध्ये न्यायाधिकरणाने हे मान्य केलं. दोन वर्षांच्या चौकशीचा निकाल अडकला.

मला यात कळीचं वाटतं ते असं. आपण हितसंबंध जाहीर करणं म्हणजे पहिल्या दिवशी एक फॉर्म भरणं समजतो. फॉर्म भरला, फायलीला लागला, गंगेत घोडं न्हालं. पण इथे फॉर्ममधलं वाक्य तेच राहिलं आणि त्याच्या भोवतालचं जग बदललं. 'मी अमुक फंडाचा सल्लागार आहे' हे वाक्य मार्च २००७ मध्ये निरुपद्रवी होतं, २००८ च्या शेवटी नव्हतं. शब्द एकही बदलला नाही.

तुमचे अनुभव असतील तर लिहा.

---

काळा_डगला

छान धागा. वकिली चष्म्यातून थोडी भर घालतो.

या खटल्यांत इंग्लंडमध्ये कसोटी लावतात ती २००१ च्या पोर्टर विरुद्ध मॅगिल या निकालातली: निःपक्ष मनाचा, सगळी वस्तुस्थिती माहीत असलेला एक काल्पनिक माणूस उभा करायचा आणि त्याला पक्षपाताची खरीखुरी शक्यता वाटेल का, हे बघायचं. हा माणूस संशयी नसतो आणि भोळाही नसतो. आमचे सर म्हणायचे, हा माणूस फक्त निकालपत्रांतच राहतो, एरवी भेटत नाही.

आपल्याकडचं उदाहरण याहून चटकदार आहे. १९६९, क्रायपाक विरुद्ध भारत सरकार, सर्वोच्च न्यायालय. भारतीय वनसेवेसाठी जम्मू-काश्मीरमधून निवड होती. निवड मंडळावर राज्याचे हंगामी मुख्य वनसंरक्षक, आणि ते स्वतःच उमेदवारही! त्यांचं नाव चर्चेला आलं तेव्हा साहेब बाहेर गेले. पण प्रतिस्पर्ध्यांची नावं आली तेव्हा आत बसले, आणि शेवटी गुणानुक्रमाची यादी करतानाही आत होते. कोर्टाने निवड रद्द केली.

थोडक्यात, आपली पाळी आली की उठून जायचं आणि शेजाऱ्याचं ताट वाढताना पळी हातात ठेवायची, हे चालत नाही. तुमच्या प्राध्यापकांनी उमेदवारी केलेली नाही, हा मोठा फरक. त्यांचा दुवा दोन-तीन पायऱ्या पलीकडचा आहे. पण बाजूला व्हायला उशीर झाला की आधी झालेल्या बैठकांचं काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच.

---

निमित्तमात्र

धागाकर्ते, तुम्ही गोष्ट डिसेंबर २००९ ला थांबवलीत. सोयीस्कर? :)

पुढचं मी लिहितो. ऑक्टोबर २०१० मध्ये अपील कोर्टाने न्यायाधिकरणाचा निकाल फिरवला आणि आयोगाचा अहवाल पुन्हा उभा राहिला. फेब्रुवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बीएएला अपिलाची परवानगी नाकारली. जुलै २०११ मध्ये आयोगाने पुन्हा बघितलं की मधल्या काळात परिस्थिती बदलली का, आणि म्हणाला नाही बदलली, विका. बीएए परत न्यायाधिकरणात, फेब्रुवारी २०१२ ला हरली. परत अपील कोर्टात, जुलै २०१२ ला हरली. ऑगस्टमध्ये नाद सोडला.

म्हणजे विक्री व्हायची ती झालीच. मधली साडेतीन वर्षं स्टॅनस्टेड बीएएच्याच ताब्यात राहिलं, लँडिंगचं भाडं त्यांच्याच खिशात. ज्या कंपनीविरुद्ध निकाल गेला तिला हे हितसंबंध प्रकरण म्हणजे आयता ब्रेक मिळाला. एवढ्या वेळात किती वकिलांनी चेल्सीत घरं घेतली असतील कुणास ठाऊक.

हे सगळं शुचितेचं नाटक वाटतं. असल्या छोट्या विषयांत जाणकार माणसं असतात किती? विमानतळाचे हिशेब, नियंत्रण, पेन्शन यातलं कळणारा माणूस कुठेतरी सल्लागार असणारच. अजिबात संबंध नसलेला माणूस हवा असेल तर अजिबात न कळणारा माणूस मिळेल.

---

मँचेस्टरचा_पाऊस

@निमित्तमात्र, सोयीस्कर नाही हो, चपात्या करायची पाळी माझी होती.

शेवटचा मुद्दा शंभर टक्के मान्य. संबंध असलेला माणूस नकोच, असं मी म्हणत नाहीये. पहिला पण अर्धा मान्य. बीएएने याचा ब्रेकसारखा वापर केला, खरं आहे. पण ब्रेक त्यांच्या पायाखाली कुणी आणून ठेवला? २००८ च्या शेवटी, मँचेस्टरवाले बोलीत उतरताहेत म्हटल्यावर लगेच प्राध्यापक बाजूला झाले असते, किंवा आयोगाने दोन ओळींचं पत्र टाकलं असतं की 'परिस्थिती बदलली आहे, पुन्हा सांगतो, आक्षेप असल्यास कळवा', तर या मुद्द्यावर भांडायला उरलं काय असतं? आयोगवाले अपील कोर्टात जिंकले, पण जिंकायला दीड वर्ष गेलं.

आणि तुम्ही सर्वांत भारी गोष्ट लिहायची सोडलीत. गॅटविक मँचेस्टरवाल्यांना मिळालंच नाही. ऑक्टोबर २००९ मध्ये ते ग्लोबल इन्फ्रास्ट्रक्चर पार्टनर्सने १.५१ अब्ज पौंडांना घेतलं. एडिंबराही २०१२ मध्ये त्यांनीच घेतलं, ८० कोटी ७० लाखांना. मग अखेर स्टॅनस्टेड विक्रीला आलं, आणि २०१३ च्या सुरुवातीला दीड अब्ज पौंडांना ते घेतलं कुणी?

मँचेस्टर एअरपोर्ट ग्रुपने.

त्या वेळी मी इथल्या ऑफिसात नवा होतो. कॅन्टीनमध्ये एक म्हातारे सहकारी पेपर घडी करत म्हणाले होते, 'आपण लंडनचा विमानतळ घेतला', आणि मग स्वतःशीच हसले. मला तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला नाही.

---

काळा_डगला

हाहा, ही स्टॅनस्टेडची गोष्ट मलाही माहीत नव्हती. पण काळजीपूर्वक वाचणाऱ्यांसाठी: यावरून 'बघा, शंका खरीच होती' असं काढू नका. खरेदी झाली चार वर्षांनी, उघड विक्रीत, प्राध्यापक केव्हाच बाजूला झाल्यानंतर. नंतर काय घडलं त्यावरून आधीच्या माणसाचं मन वाचता येत नाही. तसं वाचलं जाऊ नये म्हणूनच तर वेळेवर बाजूला व्हायचं. त्यात सगळ्यात जास्त राखली जाते ती बाजूला होणाऱ्याची अब्रू.

अवांतर: निमित्तमात्र म्हणतात तसं 'शेवटी निकाल तोच लागला' हे अशा प्रकरणांत पूर्वीही झालंय. लॉर्ड चॅन्सेलर कॉटनहॅम यांचे एका कालवा कंपनीत शेअर्स होते आणि त्यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. १८५२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने त्यांचा हुकूम रद्द केला, पण खालचा मूळ निकाल गुणवत्तेवर कायम ठेवला. चिलीचे माजी हुकूमशहा पिनोशे यांच्या खटल्याचंही तसंच. नोव्हेंबर १९९८ मध्ये ३ विरुद्ध २ ने निकाल, आणि त्या तिघांतले लॉर्ड हॉफमन ॲम्नेस्टी या मानवी हक्क संघटनेच्या धर्मादाय संस्थेचे संचालक. ॲम्नेस्टी तर त्या खटल्यात हस्तक्षेप करणारी बाजू! निकाल रद्द, मार्च १९९९ मध्ये सात जणांपुढे पुन्हा सुनावणी, आणि पुन्हा पिनोशे यांच्या विरुद्धच, फक्त आरोप बरेच कमी झाले.

---

पनवेल_नाका

मी रोज नव्या विमानतळावरून कामाला येते-जाते (विमानाने नाही, समोरच्या रस्त्याने), म्हणून लिहावंसं वाटलं.

लंडनचं ठीक आहे, आपल्याकडे काय? नवी मुंबई विमानतळात ७४ टक्के अदानी आणि २६ टक्के सिडको. सिडकोनेच जमीन घेतली, सिडकोच आजूबाजूच्या पट्ट्याची नियोजन प्राधिकरण, आणि सिडकोच भागीदार. मुंबईच्या जुन्या विमानतळातही २६ टक्के विमानतळ प्राधिकरणाचे, आणि २००६ च्या करारानुसार महसुलातले ३८.७ टक्के त्यांना. लग्नात मुलीचा मामा, भटजी आणि कॅटरर एकच असल्यासारखं नाही का हे? आमच्या सासूबाईंच्या गावाला स्थलांतराआधी काय काय सांगितलं गेलं आणि कुणी सांगितलं ते मी बघितलंय. कागदावर प्रत्येकजण वेगळा, टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस तोच.

---

काळा_डगला

@पनवेल_नाका, दोन गोष्टी वेगळ्या करू या. सिडकोच्या किंवा प्राधिकरणाच्या अनेक टोप्या सगळ्यांना दिसतात, त्या करारात आणि कायद्यात लिहिलेल्या आहेत. त्यावर टीका जरूर करा, पण तो रचनेचा प्रश्न आहे. धागा ज्याबद्दल आहे तो माणसाचा प्रश्न: टेबलाच्या या बाजूला बसलेल्याच्या खिशात दुसऱ्या बाजूची किल्ली आहे का.

पहिल्या प्रश्नावर आपल्याकडे थोडा उतारा काढलाय. पूर्वी मोठ्या विमानतळांचे दर सरकारी यंत्रणेतच ठरायचे. २००८ च्या कायद्याने विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण, म्हणजे एरा, वेगळं झालं आणि २००९ पासून कामाला लागलं. तुमच्या तिकिटातलं यूडीएफ, म्हणजे विमानतळ वापरण्याचं शुल्क, तेच ठरवतं. दर ठरवण्याआधी ते सल्लामसलतीचा मसुदा प्रसिद्ध करतात, विमान कंपन्यांपासून प्रवाशांपर्यंत कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतं आणि ती म्हणणी संकेतस्थळावर लागतात. एकदा वाचून बघा. कोण कुणाच्या बाजूने बोलतंय ते तिथे नावासकट दिसतं.

---

संपादक मंडळ

दोन प्रतिसाद उडवले आहेत. उद्योगसमूह आणि पक्ष यांच्यावरचं भांडण राजकारण विभागात न्यावं. इथे विषय हितसंबंध जाहीर करण्याचा आहे. संपादकांपैकी एकाकडे एका विमान कंपनीचे शंभर शेअर्स आहेत, हेही जाहीर.

---

ठाणेकर_काका

संपादकांना _/\_

तरुण मंडळी, तुमचं वाचून माझी झोप उडाली आहे. मला खरोखर सल्ला हवा.

आमची सोसायटी १९८१ ची, तीन मजली, २४ बिऱ्हाडं, गच्चीवर ताडपत्री. रिडेव्हलपमेंट चाललंय, मी सेक्रेटरी. गेल्या वर्षी पहिल्या सर्वसाधारण सभेतच मी उभा राहून सांगितलं होतं, की माझा मेहुणा एका रेडीमिक्स काँक्रीट कंपनीत सेल्समध्ये आहे. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, 'मग काय, काँक्रीट स्वस्तात मिळेल.' विषय संपला. तेव्हा एकही बिल्डर समोर नव्हता.

आता पाच निविदा आल्यात. त्यातल्या एका बिल्डरच्या शेजारच्या साइटवर काँक्रीट पुरवते ती मेहुण्याचीच कंपनी. हे मला कळलं ते मेहुण्याने गणपतीत मोदक खाताना सहज सांगितलं म्हणून. मी रिडेव्हलपमेंटसाठीची, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९-अ ची नियमावली काढून वाचली. पदाधिकाऱ्यांचा नातेवाईक विकासक नसावा वगैरे आहे, पण विकासकाला माल पुरवणाऱ्या कंपनीतल्या पगारदार मेहुण्याचं काय, ते कुठे लिहिलेलं नाही. म्हणजे नियमात मी बसतो. पण पुढच्या रविवारी तुलनात्मक तक्ता समितीपुढे आहे आणि तो तक्ता मीच करतोय. बायको म्हणते, एकदा सांगितलंय ना, परत कशाला सांगता, उगाच संशय. काय करू?

---

निमित्तमात्र

काका, आता मी पंचाईतीत. वर एवढं 'नाटक' वगैरे लिहून बसलोय.

सांगून टाका. पाचपैकी तुमच्या 'त्या' बिल्डरला काम मिळालं, तर २४ बिऱ्हाडांत एक तरी माणूस असा निघेल, जो पुढची सहा वर्षं जिन्यात उभा राहून तेच बोलेल. आमच्याकडे आहे असा एक. दुसऱ्या मजल्यावर.

---

काळा_डगला

काका, तुमचं प्रकरण म्हणजे गॅटविकच आहे, फक्त धावपट्टीच्या जागी गच्ची.

१. पहिल्या सभेतलं सांगणं इतिवृत्तात आलं होतं का? बहुतेक नसेल, लोक हसले की लिहिणारा थांबतो. बघून घ्या.

२. आता लेखी द्या, समितीला आणि सर्व सभासदांना: मेहुणा कोण ते नको, नातं, कंपनीचं काम, आणि कोणत्या निविदाकाराशी संबंध आला ते. 'मला यातून काही मिळत नाही' हे एक वाक्य लिहा, दहा लिहू नका. दहा लिहिली की लोक मोजायला लागतात.

३. तक्ता तुम्ही करू नका. ही जागा महत्त्वाची आहे. मत देताना बाहेर जाऊन उपयोग नाही, तक्त्यात कुठला रकाना पहिला येतो तिथेच अर्धी निवड होते. क्रायपाकमधले ते यादी करणारे साहेब आठवा.

४. राजीनाम्याची गरज मला दिसत नाही. विकासक निवडीची सभा निबंधकांच्या प्रतिनिधीसमोर आणि चित्रीकरणात होते, तिथे पुन्हा एकदा वाचून दाखवा.

---

पनवेल_नाका

काका, आणि मेहुण्याला आधी सांगा. त्याला व्हॉट्सॲपवरून कळलं तर दिवाळीला घरी नवीनच प्रकरण.

---

मँचेस्टरचा_पाऊस

@काका, वहिनींना सांगा, पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बिल्डर नव्हता. आता आहे. म्हणजे तुम्ही जुनी गोष्ट परत सांगत नाही आहात, ही नवीनच गोष्ट आहे. कळवा काय झालं ते.

---

ठाणेकर_काका

कळवा म्हणाला होतात, म्हणून.

इतिवृत्तात खरंच नव्हतं. 'सेक्रेटरींनी प्रास्ताविक केले' एवढंच. पत्र टाइप केलं, चोवीस प्रती, रविवारी सकाळी दूधवाल्याच्या मागोमाग प्रत्येक दाराखाली सरकवली. पहिल्या मजल्यावरच्या आजींनी दार उघडून 'मेंटेनन्स वाढला का?' असं विचारलं.

समितीची बैठक खजिनदारांच्या घरी झाली. पत्र वाचलं. दोन मिनिटं कुणी काही बोललं नाही, पंख्याचा आवाज येत होता. मग खजिनदार म्हणाले की तक्ता मी करतो, पण मला एक्सेल येत नाही. म्हणून त्यांच्या नातीला बसवलं, ती बारावीला आहे. मी म्हटलं, मी बाहेर थांबतो. तर म्हणाले, बाहेर कुठे थांबता, आत चहा टाका.

तर पाच निविदा उघडल्या तेव्हा मी स्वयंपाकघरात आलं किसत होतो. दार लोटलेलं होतं, पण आकडे ऐकू येत होते, तेव्हा मिक्सर लावला. 'तो' बिल्डर तिसरा आलाय.

मेहुण्याचा फोन आला होता. रागावलाय थोडा. येतो म्हणालाय भाऊबीजेला.